किडनीच्या आजारात हिमोग्लोबिन का उतरतं आणि ते कुठवर वाढवायचं

प्रश्न थोडक्यात असा : वडील ६१ वर्षांचे, राहणार सोलापूर. बरीच वर्षं मधुमेह. क्रिएटिनिन ३.८, ईजीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) १७, डायलिसिस अजून सुरू नाही. वर्षभरात हिमोग्लोबिन १०.९ वरून ८.४ वर आलं. सहा महिने लोहाचं टॉनिक चालू आहे, शिवाय घरी रोज बीट, खजूर, डाळिंब. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) १८० आलं, म्हणून लोह पुरेसं आहे असं एका ठिकाणी सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी दर आठवड्याचं एरिथ्रोपोएटिनचं (तांबड्या पेशी वाढवणारं) इंजेक्शन लिहून दिलंय. नातेवाईक म्हणतात, त्यापेक्षा रक्ताच्या दोन बाटल्या चढवून मोकळे व्हा. या इंजेक्शनची सवय लागते का? आणि आई किडनी द्यायला तयार आहे, त्याचा याच्याशी काही संबंध येतो का?

उत्तर :

तुमचा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात आधी घेतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. हो, संबंध येतो, आणि तो थेट रक्ताच्या त्या दोन बाटल्यांशी आहे.

रक्त चढवलं की दुसऱ्या माणसाच्या पेशी वडिलांच्या अंगात जातात. त्यातल्या पांढऱ्या पेशींवर एचएलए नावाची ओळखचिन्हं असतात. शरीर ती परकी म्हणून ओळखतं आणि काही जणांत त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पुढे प्रत्यारोपणाच्या वेळी क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्ताशी जुळतात का याची चाचणी, करतात, तेव्हा हीच प्रतिपिंडं आडवी येतात. रक्तदाता कुणी अनोळखी असला, तरी त्याच्या पेशींवरचं एखादं चिन्ह आईच्या पेशींवरही असू शकतं. मग रक्तगट जुळतोय, आई धडधाकट आहे, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे, आणि तरीही क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते. आज ८.४ चं ९.८ व्हावं म्हणून चढवलेल्या रक्ताची किंमत दोन वर्षांनी अशी मोजावी लागू शकते. पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्त दिलं तर हा धोका कमी होतो, संपत नाही. त्यात बाटलीतल्या रक्ताचा उपयोग काही आठवड्यांचाच. मूळ कारण तसंच राहिल्यामुळे आकडा पुन्हा उतरतो आणि घरात पुन्हा बाटलीची चर्चा सुरू होते.

रक्त कधीच चढवायचं नाही, असं मात्र मी म्हणत नाही. संडासवाटे किंवा उलटीतून रक्त जातंय, छातीत दुखतंय, बसल्या जागी धाप लागतेय, चक्कर येऊन पडतायत, असं काही असेल तर प्रत्यारोपणाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रक्त द्यावं लागतं. पण ८.४ वर चालते-फिरते, जिना चढताना दमणारे वडील ही घाईची अवस्था नाही. आपल्याकडे विचार करायला आणि नीट क्रमाने जायला वेळ आहे.

आता मुळाशी येऊ. किडनी फक्त लघवी बनवते असं बहुतेकांना वाटतं. पण किडनीतल्या सूक्ष्म नळ्यांच्या मधल्या जागेत काही पेशी असतात, त्या रक्तातला ऑक्सिजन सतत जोखत असतात. ऑक्सिजन कमी वाटला की त्या एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात, ते हाडांच्या मगजात पोचतं आणि तिथे तयार होऊ पाहणाऱ्या तांबड्या पेशींना जगवतं. ते मिळालं नाही तर त्या अर्धवट वाढलेल्या पेशी मगजातच मरून जातात. किडनीत व्रण वाढत गेले की या पेशींचं काम मंदावतं. हिमोग्लोबिन ८.४ वर आल्यावर निरोगी किडनीने हे संप्रेरक कितीतरी पट वाढवलं असतं. वडिलांच्या किडनीला ते जमत नाही. मधुमेहींमध्ये तर ही कमतरता इतरांपेक्षा लवकर दिसू लागते.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घडतात. तांबडी पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगते. किडनीच्या जुन्या आजारात तिचं आयुष्य ६० ते ९० दिवसांवर येतं. दुसरी गोष्ट हेप्सिडिनची. यकृतात बनणारं हे संप्रेरक लोहाची ये-जा ठरवतं. किडनीच्या आजारात ते रक्तात साठून राहतं, आणि अंगात कुठे दाह किंवा जंतुसंसर्ग असला तर आणखी वाढतं. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह शोषलं जात नाही, आणि शरीरात साठवलेलं लोहही बाहेर निघत नाही. कणगीत धान्य आहे, पण कणगीला कुलूप आहे, अशी ही अवस्था.

म्हणून एक गोष्ट आईंना आवर्जून सांगा. वडिलांचं रक्त त्यांच्या खाण्याच्या हयगयीमुळे कमी झालेलं नाही. ‘पोटभर जेवत नाहीत, भाजी टाकून देतात, म्हणून असं झालं’ हे मी जवळपास प्रत्येक कुटुंबात ऐकतो, आणि ऐकणारी बायको किंवा सून मान खाली घालून बसलेली असते. हे ओझं त्यांनी उगाच वाहू नये.

बीट, खजूर आणि डाळिंबाबद्दल. बीट लाल असतं, पण त्यात लोह फारसं नसतं. जे असतं तेही वनस्पतीतलं, म्हणजे शोषायला अवघड, आणि त्यावर हेप्सिडिनचा अडसर. उलट या तिन्हींतून पोटॅशियम भरपूर जातं. ईजीएफआर १७ वर, त्यातून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर, वाढलेलं पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं. तुम्ही रिपोर्टमध्ये पोटॅशियमचा आकडा कळवलेला नाही. या आठवड्यात तो तपासून घ्या, आणि तोवर रोजचं बीट-खजूर थांबवा. गूळ आणि अळिवाची खीरही यावर उपाय नाही, आणि मधुमेहात गूळ तर नकोच.

आता तो फेरिटिनचा १८० हा आकडा. इथेच मोठा घोळ होतो. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनची सर्वसाधारण मर्यादा छापलेली असते, १८० त्यात अगदी मधोमध बसतं, आणि ‘लोह भरपूर’ असा शेरा पडतो. पण ती मर्यादा निरोगी माणसांसाठी आहे. फेरिटिन साठा दाखवतं, आणि दाह असला की ते उगाचच वाढतं. मगजापर्यंत प्रत्यक्षात किती लोह पोचतंय हे कळायला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन लागतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ते छापलेलं नाही, पण काढता येतं. सीरम आयर्न ३८ आहे, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता) २७० आहे. ३८ ला २७० ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर येतं १४ टक्के. हे कमी आहे, चांगलंच कमी आहे. किडनीच्या आजारासाठी केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेची जी मार्गदर्शक तत्त्वं आम्ही वर्षानुवर्षं वापरत आलो, त्यांनुसार सॅच्युरेशन ३० टक्के किंवा त्याखाली आणि फेरिटिन ५०० किंवा त्याखाली असेल तर लोह देऊन बघण्यात अर्थ असतो. वडील दोन्ही बाजूंनी त्यात बसतात. म्हणजे त्यांना लोह हवं आहे, आणि तोंडावाटे घेतलेलं सहा महिने लागू पडलेलं नाही.

टॉनिकबद्दल एवढंच की डायलिसिस नसलेल्या रुग्णाला एक ते तीन महिने तोंडावाटे लोह देऊन पाहणं योग्यच असतं. पण ते चहासोबत, कॅल्शियमच्या गोळीसोबत किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळीच्या छायेत घेतलं तर जे थोडं शोषलं जायचं तेही जात नाही. ती मुदत आता उलटून गेली आहे. पुढची पायरी शिरेतून लोह देण्याची.

त्यासाठी आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्झिमाल्टोज वापरतात. सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम, अशा काही फेऱ्यांत, एकूण सुमारे १००० मिलिग्रॅमपर्यंत. कार्बोक्झिमाल्टोज एका बैठकीत ५०० ते १००० पर्यंत देता येतं, म्हणून दुरून येणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. गडद तपकिरी औषध सलाइनमध्ये मिसळून सावकाश सोडतात. क्वचित कुणाला अ‍ॅलर्जी होते, म्हणून ते घरी किंवा ओळखीच्या कंपाउंडरकडून घेऊ नका. जिथे डॉक्टर हजर आहेत आणि आणीबाणीची औषधं हाताशी आहेत अशाच ठिकाणी घ्या, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसा. ताप असेल, पायाच्या जखमेत पू असेल, तर आधी ते बरं करायचं, मग लोह.

सुई कुठे टोचायची हेही सांगतो, कारण हे सांगायचं राहून जातं. ईजीएफआर १७ म्हणजे पुढे डायलिसिसची वेळ येऊ शकते, आणि त्यासाठी मनगटाजवळ किंवा कोपराजवळ फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा जोड, करावा लागेल. त्यासाठी हाताच्या शिरा शाबूत हव्यात. वडील उजव्या हाताने जेवत-लिहीत असतील तर डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत कुणालाही सुई टोचू देऊ नका. सलाइन असो, रक्ताचा नमुना असो, तळहाताच्या मागच्या बाजूची शीर वापरायला सांगा, शक्यतो उजव्या हाताची. नर्स घाईत असेल, कोपरातली ठसठशीत शीर तिला समोर दिसत असेल, तरी तुम्ही नम्रपणे पण ठामपणे सांगा. सलाइनने बाद झालेली शीर मी कितीतरी रुग्णांच्या हातावर पाहिली आहे. अशा वेळी फिस्टुला तयार होत नाही आणि डायलिसिस मानेतल्या नळीवर सुरू करावं लागतं. त्या नळीला संसर्ग झाला की हिमोग्लोबिन पुन्हा घसरतं.

लोह सुरू करतानाच बाकीची कारणंही तपासून घ्यायची. किडनी खराब आहे म्हणून सगळं किडनीच्या माथी मारायचं, हे बरोबर नाही. वडिलांना वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू होतं का? ते दीर्घकाळ घेतल्याने बी१२ कमी होतं, आणि शाकाहारी घरात ते आधीच बेताचं असतं. (ईजीएफआर ३० च्या खाली मेटफॉर्मिन बंद करायचं असतं. अजून चालू असेल तर आजच डॉक्टरांशी बोला.) अ‍ॅस्पिरिन किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या घेत असतील तर आतड्यातून थेंब थेंब रक्त जात असू शकतं. वेदनाशामक गोळ्या किडनीलाही घातक, त्या पूर्ण बंद. साठीच्या पुढच्या माणसाचं लोह कमी दिसलं की संडासाची गुप्त रक्तासाठी तपासणी मी करून घेतोच. लोहाचं औषध चालू असताना संडास काळी होते, त्यामुळे नुसत्या रंगावरून काही ठरवता येत नाही. थायरॉइडचीही तपासणी व्हावी. पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, फारच लहान असेल आणि घराण्यात थॅलेसेमिया मायनर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या रुग्णांत सिकलसेलचा विचार करावाच लागतो, कारण तिथे एरिथ्रोपोएटिन देण्याचं गणितच वेगळं होतं.

आता त्या इंजेक्शनकडे. सवय लागत नाही. शरीर जे संप्रेरक स्वतः बनवत होतं तेच बाहेरून दिलं जातं. बंद केलं तर हिमोग्लोबिन पुन्हा उतरेल, कारण कमतरता जागेवरच आहे. त्याला व्यसन म्हणायचं नाही. आणि प्रत्यारोपण होऊन नवी किडनी नीट चालू लागली की बहुतेकांचं हे इंजेक्शन सुटतं.

अमेरिकेत १९८९ पर्यंत हे औषध बाजारात नव्हतं. त्याआधी डायलिसिसचे रुग्ण सहा-सात हिमोग्लोबिनवर दिवस काढायचे आणि चढवलेल्या रक्तावर जगायचे. त्यातून कावीळ, अंगात साठलेलं जादा लोह आणि वर सांगितलेली प्रतिपिंडं हे सगळं पदरात पडायचं. १९८५ मध्ये या संप्रेरकाचं जनुक वेगळं करता आलं, १९८७ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या जोसेफ एशबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिसच्या रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि आमच्या शाखेचं चित्रच पालटलं. त्यामुळे नातेवाइकांना सांगा, रक्ताची बाटली हा या आजारात जुना मार्ग आहे, आणि तो सोडण्याला सबळ कारणं होती.

पण लोह भरल्याशिवाय हे इंजेक्शन घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मगजाला हुकूम मिळतो, पण पेशी बनवायला लोहच नसतं. ब्रिटनमध्ये डायलिसिसच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या पिव्होटल अभ्यासात, ज्यांना शिरेतून लोह सढळ हाताने दिलं त्यांना एरिथ्रोपोएटिन कमी लागलं आणि रक्तही कमी वेळा चढवावं लागलं. हे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. वडील डायलिसिसवर नाहीत, पण क्रमाचं तत्त्व तेच : आधी लोह. लोहाच्या फेऱ्या झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा मोजा. ते दहाच्या आसपास आलं तर इंजेक्शन पुढे ढकलताही येईल. दहाच्या खालीच घुटमळत राहिलं तर सुरू करा.

इंजेक्शनचे प्रकार दोन-तीन आहेत. साधं एपोएटिन आठवड्यातून एक ते तीन वेळा, डार्बेपोएटिन आठवड्याला किंवा पंधरवड्याला, आणि आणखी लांब पल्ल्याचं महिन्यातून एकदा. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, इन्सुलिनसारखंच घ्यायचं. कोणतं निवडायचं हे खर्च आणि सोय बघून ठरवा, गुण जवळपास सारखाच. मात्र औषध २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. मेडिकलमधून घरी आणताना बर्फाच्या पिशवीसोबत आणा, पण सिरिंज बर्फाला चिकटू देऊ नका. फ्रीजरमध्ये ठेवलं, गोठलं, की ते टाकून द्यायचं. जोरात हलवायचंही नाही. दुपारच्या एसटीत चार तास उन्हात तापलेलं इंजेक्शन टोचून ‘आमच्यावर लागू पडत नाही’ म्हणणारे रुग्ण येतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

रक्तदाब रोज लिहून ठेवा. या औषधाने तो वाढतो, आणि आधीच आटोक्यात नसेल तर इंजेक्शन सुरूच करायचं नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल किंवा कधी कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, तिथे फार जपून पावलं टाकावी लागतात. हिमोग्लोबिन महिन्याला एक ते दोन ग्रॅम वाढावं, त्याहून वेगाने नको. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे दहा दिवसांत फरक नाही म्हणून डोस वाढवण्याचा आग्रह धरू नका.

आणि कुठवर न्यायचं? इथे मला सगळ्यात जास्त समजावावं लागतं. पुरुषाचं सर्वसाधारण हिमोग्लोबिन १३ च्या वर, म्हणून औषधानेही १३-१४ करून घ्यावं असं वाटणं साहजिक आहे. एकेकाळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. मग २००६ मध्ये चॉइर अभ्यासात १३.५ चं लक्ष्य ठेवलेल्या गटाची अवस्था ११.३ वाल्यांपेक्षा वाईट निघाली. २००९ मध्ये ट्रीट अभ्यास आला. त्यात चार हजारांवर रुग्ण होते, सगळे मधुमेही, सगळे किडनीचे, आणि डायलिसिसवर नसलेले, म्हणजे अगदी तुमच्या वडिलांसारखे. डार्बेपोएटिनने १३ चं लक्ष्य ठेवलेल्या गटात ५ टक्के रुग्णांना मेंदूचा झटका आला, दुसऱ्या गटात २.६ टक्के. जवळपास दुप्पट. म्हणून आम्ही १० ते ११.५ च्या दरम्यान थांबतो, आणि औषधाच्या जोरावर १३ कधीच गाठत नाही. आकडा ११.५ च्या वर गेला तर डोस कमी करतात, एकदम बंद करत नाहीत, नाहीतर तो पुन्हा आदळतो. शेजारच्यांचं १४ आणि आपलं ११ म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. ११ वर वडील जिना चढतील, बाजारात जातील, दुपारी सारखे पेंगणार नाहीत. आणि हृदयावरचा ताणही उतरलेला असेल, कारण रक्त दीर्घकाळ कमी राहिलं तर हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो.

डोस वाढवत नेला तरी गुण येत नसेल, तर आणखी वाढवण्याऐवजी कारण शोधायचं. लोह पुन्हा कमी झालंय का, कुठे रक्त जातंय का, पायाची जखम किंवा दातांचा संसर्ग आहे का, पॅराथायरॉइड संप्रेरक खूप वाढलंय का. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार कधीही सोडू नये. संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन आणि इंजेक्शनला न जुमानणारं हिमोग्लोबिन हे एकत्र दिसलं की मी क्षयाच्या मागे लागतो.

गोळ्यांचा पर्यायही आता आहे. ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशींना कसं कळतं, याचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्याच यंत्रणेवर काम करणारी डेसिडुस्टॅट ही गोळी अहमदाबादच्या झायडस कंपनीने काढली आणि २०२२ मध्ये तिला भारतात मंजुरी मिळाली. आठवड्यातून तीनदा, दिवसाआड घ्यायची. शरीराला स्वतःचं एरिथ्रोपोएटिन बनवायला ती लावते आणि हेप्सिडिनही उतरवते. फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही, हे खेड्यातल्या रुग्णासाठी मोठंच सुख आहे. पण हिमोग्लोबिनची मर्यादा तिलाही तीच, लोह तिच्याआधीही भरायचं, आणि रक्ताची गुठळी किंवा कर्करोगाचा इतिहास असेल तर ती मी देत नाही. इंजेक्शनचा अनुभव तीन दशकांहून जास्त आहे, गोळीचा अजून थोडा. वडिलांना सुईची अडचण नसेल तर मी आज इंजेक्शनकडे झुकेन.

शेवटी मधुमेहाबद्दल एक गोष्ट. या उपचारात नव्या तांबड्या पेशी भराभर तयार होतात, आणि कोवळ्या पेशींना साखर चिकटायला पुरेसा वेळ मिळालेला नसतो. त्यामुळे एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) खोटं कमी दिसतं. पुढच्या तीन-चार महिन्यांत ते ७.८ वरून ६.५ आलं तर साखर सुधारली असं समजून पथ्य सैल करू नका, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन बदलूही देऊ नका. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर लिहून ठेवलेली वही डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या नोंदीही त्याच वहीत असू द्या. लोहाची प्रत्येक फेरी, तिची तारीख आणि मात्राही तिथेच लिहा. सोलापुरातून पुण्याला प्रत्यारोपणासाठी दाखवायला जाल, तेव्हा तिथले डॉक्टर हे विचारतील, आणि आजवर कधी रक्त चढवलं होतं का, हेही नक्की विचारतील.